कुंदाला बोंडं लागली तो हिवाळा

आज सकाळी दार उघडलं, तर समोरचा कडुनिंब जागेवर नव्हता. धुई उतरली होती. कडुनिंब नाही, विहीर नाही, शेजारचा गोठा नाही; गोठ्यातल्या गाईचा खोकला तेवढा ऐकू येत होता. शहाणी माणसं अशा वेळी दार लावून घेतात आणि शेगडीपाशी बसतात. मी वहाणा सरकवल्या आणि परसात पळालो. या वयात पळालो म्हणजे काय, जरा भरभर खुरडलो. पण मनानं पळालोच. पूर्वी थंडीनं माझे दात वाजायचे. आता वाजायला उरलेले नाहीत, त्यामुळे थंडीचा त्रास उलट कमी झाला आहे. शेवंतीच्या शेंड्यांना मोहरीएवढ्या कळ्या धरल्या होत्या. कोरांटीच्या काट्यांमधून जांभळं काहीतरी डोकावत होतं. मी इतका हरखलो की घरात जाऊन द्वारकेला उठवलं. ती म्हणाली, "कळ्या कुठं पळून नाही चालल्या. उजाडू द्या."

माझं म्हणणं असं आहे की पावसाळ्यात फुलण्यात झाडाचं काही कर्तृत्व नाही. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत छत्रीचा दांडा खोचला तरी त्याला पालवी फुटेल. खरी मजा पुढं. पाऊस गेला, जमीन भेगाळायला लागली, वारं कोरडं झालं, माणसांचे ओठ फुटले, की त्या वेळी ज्यांना फुलायची हौस येते त्या झुडपांपुढं मी हात जोडतो. कोरांटी, शेवंती आणि सगळ्यात वर कुंद. पांढरी, बारीक पाकळीची, दवात भिजलेली कुंदाची फुलं भर थंडीत अशी काही उमलतात की बघणाऱ्याला आपणच पांघरूण घेतल्याची लाज वाटावी.

एवढं कौतुक करतो, पण आमच्या परसात कुंद नाही. होता. तो गेला कसा, ते सांगताना मला अजून हसू येतं. आणि द्वारका जवळ असली तर मी ते हसू आवरतो.

तो काळ कापसाचा होता. दूर अमेरिकेत एकाच देशातली माणसं आपसांत लढत होती म्हणे, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि इकडं वऱ्हाडात कापसाला सोन्याचं मोल आलं. ती लढाई आम्ही कुणी पाहिली नाही; आम्ही गाड्या पाहिल्या. अमरावतीच्या गल्ल्यांतून दिवसभर गाड्याच गाड्या. गल्ली अरुंद, बोरे फुगलेले; दोन्ही बाजूंच्या काटेरी कुंपणांना कापूस घासत जायचा आणि बाभळीच्या काट्यांवर पांढरे पुंजके लटकत राहायचे. घरोघरी रेचा फिरायचा, सरकी वेगळी व्हायची, आणि त्या किर्र किर्र आवाजात माणसं एकमेकांशी ओरडून बोलायची. ओरडून काय, तर भाव. बारशाला भाव, लग्नाला भाव. एकदा तर तिरडी बांधता बांधता भाव विचारलेला मी ऐकला आहे. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या, कुणी गाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली अशी वार्ता होती. मी ती धाव पाहिली नाही. पण शेंब्यांचे बैल पाहिले. ते बिचारे पूर्वीसारखेच शेणातच बसलेले होते.

मी शाळामास्तर. वेचणी सुरू झाली की शाळा ओस. सगळी मुलं आईबापांबरोबर शेतात, आणि मी रिकाम्या बाकांना मोडी शिकवायला बसलेलो. रिकामा मास्तर ही मोठी धोक्याची वस्तू असते. त्यात घरी द्वारकेनं कुंद आणलेला.

द्वारकेचं माहेर अकोल्याचं. तिची आई मागच्याच वर्षी गेली होती. तिथल्या परसात, विहिरीच्या पाटाजवळ, सासूबाईंनी आपल्या हातानं कुंद लावलेला. माघातल्या तिलकुंद चतुर्थीला गणपतीला तिळगूळ आणि कुंदाची फुलं वाहायची, आणि ती फुलं दुसऱ्याच्या दारची नाहीत, आपल्या परसातली, असा त्यांचा नेम. त्या गेल्या, आणि पुढच्याच ज्येष्ठात त्यांचा मुलगा नारायण, म्हणजे द्वारकेचा दादा, यानं परसात नांगर घातला. शेत पुरत नव्हतं. अंगण सोडून जिथं जिथं माती दिसेल तिथं तिथं त्याला कापूस पेरायचा होता. द्वारका तेव्हा माहेरी होती. तिनं उपटून टाकलेल्या ढिगातून एक कुंद मुळासकट ओढून काढला, ओल्या गोणपाटात गुंडाळला, आणि दमणीत बसून अमरावतीपर्यंत मांडीवर घेऊन आली. बैलाच्या हलक्या गाडीत इतका लांबचा प्रवास, हिचं अंग चिखलानं माखलेलं, आणि दारात उतरताना मला म्हणाली काय, तर "पहिले त्याले पाणी द्या. मले मंग."

आईचं एवढंच एक झाड उरलं होतं. येत्या माघात त्याची फुलं गणपतीला वाहायची, एवढंच तिला पाहिजे होतं. दागिन्यांच्या त्या वर्षात माझ्या बायकोनं माझ्याकडं दुसरं काही मागितलं नाही. म्हणून मी ठरवलं की या झाडाची निगा मी जातीनं घेणार. इथंच त्या झाडाचं नशीब फिरलं.

माझं बागकाम कसं होतं ते सांगतो. शेवंती मी आदल्या वर्षीच मारली होती. थंडीत तिला गार पाणी बाधेल म्हणून आंघोळीच्या हंड्यातलं ऊन पाणी घालायचो. बोट बुडवून बघायचो, बाळाला न्हाऊ घालताना बघतात तसं. शेवंतीनं काही दिवस विचार केला आणि मान टाकली. कुंदाला मी कुजवलेली सरकी घातली. सरकीनं गाई दूध देतात, तर कुंद फुलं का देणार नाही, असा माझा हिशेब. त्या खड्ड्याला असा वास सुटला की शेजारच्या काकू गल्लीतून नाकाला पदर लावून जायच्या आणि मुद्दाम मोठ्यानं विचारायच्या, "मास्तर, काही मेलं का हो तुमच्या घरी?"

झाड मात्र माजलं. कंबरेच्या वर गेलं, पानं तुकतुकीत. मी येणाऱ्याजाणाऱ्याला नेऊन दाखवायचो. द्वारका नुसती बघायची, एकदाच म्हणाली, "पाला लई झाला. आई त्याले उपाशी ठेवायची." मी हसलो. उपाशी ठेवून काही वाढतं का? असं मला तेव्हा वाटायचं. मी मास्तर होतो, मला पुष्कळच वाटायचं.

मार्गशीर्षात एका पहाटे कडाक्याची थंडी पडली. द्वारका मावशीकडं चांदूर बाजारला गेली होती, मावसबहिणीच्या डोहाळेजेवणाला. मी परसात गेलो तर कुंदाचे कोवळे शेंडे जरा काळवंडलेले. आईचं झाड, माझ्या हाती सोपवलेलं, आणि ती घरात नाही. थंडीला उपाय काय? कापूस. कापूस कुठं? गल्लीभर, काट्यांवर, फुकट. सकाळभर मी कुंपणं पिंजून काढली. माझ्या उपरण्यात कापसाचा हा ढीग. मग बसलो, आणि एकेका फांदीच्या बेचक्यात, एकेका शेंड्यावर कापसाचा पुंजका ठेवून दोऱ्यानं बांधत गेलो. नाजूक काम. मला इतका आनंद झाला होता की मी गुणगुणत होतो. पूर्ण झाल्यावर दोन पावलं मागं सरलो. झाड अंगभर पांढरं झालं होतं. मला ते रजई पांघरलेल्या नातवासारखं दिसलं.

गल्लीतून जाणाऱ्या गोविंदशेटला ते तसं दिसलं नाही.

गोविंदशेट कापसाचे दलाल. एरवी मला बघून ते आपल्या पगडीलाही हात लावत नसत. त्या दिवशी कुंपणापाशी थबकले, डोळे बारीक केले, आणि वहाणा काढून आत आले. देवळात येतात तसे.

"मास्तरसाहेब," ते म्हणाले, "हे काय लावून राहिले तुमी?"

साहेब. मला जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. माझ्या आवाजाला आपोआप भार आला. मी म्हणालो, "प्रयोग आहे."

"पऱ्हाटी तर नाही हे. पान अलग आहे."

"अलगच आहे."

"दर साली पेरा लागते?"

"छे. एकदा लावलं की वर्षानुवर्षं."

शेटचा हात छातीवर गेला. आमच्याकडची पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, वर्षाकाठी उपटायची, पुन्हा पेरायची. आणि इथं मास्तराच्या परसात कंबरभर झुडूप, न पेरता, न नांगरता, बोंडांनी लगडलेलं. त्यांच्या मनात काय चाललं आहे ते माझ्या ध्यानात आलं. आलं, हे मी लपवत नाही. नुसतं "शेटजी, हा कुंद आहे, आणि मी याला थंडीसाठी कापूस बांधला आहे" एवढं म्हणायचं होतं. पण मग ते हसले असते, आणि साहेब गेला असता. मी म्हणालो, "अजून सिद्ध व्हायचंय."

तोवर सगळ्या शहराला कापसाच्या भावाचं वेड लागलेलं, तिथं सिद्ध कुणाला व्हायला पाहिजे होतं? दुपारपर्यंत परसात माणूस मावेना. आडते आले, वकील आले, ज्यांनी मला कधी पाणी विचारलं नव्हतं त्यांनी मला बसायला पाट मागवला. विशेष म्हणजे कुणीही जवळ जाऊन दोरा पाहिला नाही. पांढरं दिसलं, पुरे. त्या वर्षी पांढरं म्हणजे कापूस. दूध सांडलं तरी माणसं वळून बघायची. आणि मी त्या गर्दीत उभा राहून झाडाच्या स्वभावावर व्याख्यान दिलं. ओस शाळेचा मास्तर. इतक्या दिवसांनी ऐकणारी माणसं मिळाली होती.

"एक फांदी न्यू का, मास्तरसाहेब? बेण्यासाठी?"

"न्या की. एक न्या."

एक न्या, असं मी प्रत्येकाला म्हणालो. आणि प्रत्येकानं, अगदी सभ्यपणानं, एकच नेली.

दुसऱ्या दिवशी द्वारका परतली, तेव्हा परसात चार बोटांचे खुंट उरले होते आणि जमिनीवर माझा दोरा पडला होता.

ती रडली नाही, भांडली नाही. पायही न धुता खुंटापाशी जाऊन बसली. मी सगळं सांगितलं. सांगताना जरा विनोद करायचा प्रयत्न केला, तो मधेच मेला. खुंटावरून बोट फिरवत ती म्हणाली, "थंडीचंच झाड आहे ते. थंडी खाल्ल्याबिगर कळीच धरत नाही. त्याले पांघरूण कोण घालते?" आणि पडलेला दोरा गुंडाळत, "आवंदा चतुर्थीले फुलं नाहीत मंग." त्या वाक्याला मी अजूनही भितो. थंडी त्यापुढं काहीच नाही.

संक्रांतीच्या सुमाराला दारात गाडी थांबली. अकोल्याहून दादा आला होता. नारायणदादा म्हणजे दांडगा गडी. काळ्या मातीत वाढलेला, मिशीला तूप लावणारा. तो आत आला, पाण्याचा तांब्या हातात घेतला, आणि न पिताच ओटीवर बसून घळाघळा रडायला लागला.

"काय झालं, दादा?" द्वारका घाबरली.

"अकोल्याच्या बजारात समदे बोलून राहिले. मास्तरच्या परसात झाडाले बोंडं लागली म्हणते. कोणतं झाड, तर आपल्या घरचं. आईचं." त्यानं नाक पुसलं. "द्वारके, माह्या हातानं मी लक्ष्मी उपटून फेकली वं. ढिगानं फेकली."

मी तोंड उघडलं. आता तरी खरं सांगून टाकावं, असं मनापासून वाटलं होतं. द्वारकेनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड मिटलं.

ती भावाकडं बघत होती. आई गेली तेव्हाही तो इतका रडला नव्हता, हे तिनं मला मागून सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर मला काहीच वाचता आलं नाही, आणि माझा धंदा वाचायला शिकवण्याचा.

"मंग आता काय म्हणतं तू?" तिनं विचारलं.

"मूळ दे मले."

"ने," ती म्हणाली. "पण माह्या अटी आहेत. आईनं जिथं लावलं होतं तिथंच लावजो. विहिरीच्या पाटापाशी. दुसऱ्या जागी ते देत नाही."

"तिथं तर कापूस उभा आहे."

"उपट."

त्या वर्षी उभी पऱ्हाटी उपट म्हणणं म्हणजे वऱ्हाडात ब्रह्महत्या. तरी दादानं मान हलवली.

"आन त्याले सरकी नाही घालायची, सारखं पाणी नाही पाजायचं. थंडी खाऊ द्यायची. काही बांधायचं नाही अंगाले."

"नाही बांधत. कधी दिसन?"

"पुढच्या माघात पाहजो."

त्याच दुपारी दादानं खुंटाभोवतीचा मातीचा गड्डा स्वतः खणून काढला, मूल उचलावं तसा उचलला, आणि गोणपाटात बांधून गाडीत ठेवला. गाडी वळणाआड गेल्यावर मी म्हणालो, "अगं, तू तर त्याला चक्क थाप मारलीस."

"मी कापसाचं नाव काढलं का?" द्वारका म्हणाली, आणि रिकाम्या खड्ड्यात माती लोटायला लागली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्या महिन्यातलं ते पहिलं हसू. मला वाटलं, आपण मास्तर कसले, शाळा तर घरातच भरते.

पुढच्या पावसाळ्याआधी तिकडची लढाई संपली म्हणे, आणि इकडं कापूस कोसळला. भाव असे उतरले की गल्लीत माणसं पुन्हा हळू आवाजात बोलायला लागली. माझ्या फांद्या नेलेल्यांपैकी बहुतेकांच्या वाळल्या होत्या. ज्यांच्या जगल्या त्यांना नुसता पाला आला, आणि गोविंदशेट मला बघून पुन्हा पगडीला हात लावेनासे झाले. सगळ्या शहराचं नुकसान झालं होतं, त्यात माझं साहेबपण गेलं. त्याचं कुणाला काय. मला काळजी दुसरीच. माघ जवळ येत चालला होता, आणि द्वारका म्हणत होती, "चतुर्थीले अकोल्याले जाऊ."

"दादा मला मारेल."

"मारन तर मारन."

तो प्रवास मी कधी विसरणार नाही. दमणीत पेंढा, पेंढ्यावर घोंगडी, सकाळी बैलांच्या नाकातून वाफा, दोन्ही बाजूंना तुरीची पिवळी रानं आणि मधेच करडईचे काटे. द्वारकेचा जीव थाऱ्यावर नव्हता. "जगला असन का हो? खुंटच होता. त्यानं पऱ्हाटी उपटली असन का?" हे तिनं मला प्रत्येक ओढ्यापाशी विचारलं, आणि मी प्रत्येक ओढ्यापाशी म्हणालो, "असेल." भीती आणि आनंद एकाच गाडीत बसले की गाडी किती हलते, ते तेव्हा कळलं. मी तर दादाच्या माराची सुद्धा उत्सुकतेनं वाट बघत होतो, इतका मी अधीर झालो होतो.

दादा ओटीवरच होता. वर्षभरात वाळला होता. मिशीचं तूप बंद झालेलं दिसत होतं. "या, जवाईबापू," एवढंच म्हणाला. त्या स्वरात मार होता की नाही, ते कळेना. पाणी झालं, गूळ झाला, आणि मग तो उठून परसाकडं चालू लागला. आम्ही मागून.

विहिरीच्या पाटाजवळ पऱ्हाटी नव्हती. आजूबाजूला होती, वेचून झालेली, काळीनिळी. पण मधे एवढी एक जागा मोकळी, स्वच्छ, आणि तिच्यात कुंद. छातीइतका. पान कमी, फूल जास्त. सकाळचं दव अजून वाळलं नव्हतं आणि सगळं झुडूप असं काही पांढरं झालं होतं की मी श्वास घ्यायचा विसरलो. हे पांढरं मी बांधलं नव्हतं.

"बोंडं कुठं आहेत?" दादानं विचारलं. विचारलं मला, पण बघत होता बहिणीकडं.

द्वारकेनं वाकून बुंध्यापाशीची माती बोटांनी चाचपली.

"कळी धरली तवाच समजलं मले," तो म्हणाला. "आईचा कुंद. लहानपणापासून फुलंच पाहिली त्याची, आन बोंडं धुंडत बसलो मी. एकदा मनात आलं, फेकून द्यावा पुन्हा. कुदळ आणली." त्यानं एक फांदी नाकाशी ओढली. "मंग वास आला."

मागच्या पऱ्हाटीत कुठंतरी चिमण्या भांडत होत्या. दादानं झाडाकडं बघत विचारलं, "आई असती तर काय म्हणली असती वं?"

"शिव्या दिल्या असत्या."

"कोणत्या?"

द्वारकेनं पदर खोचला. आणि मग जो आवाज निघाला तो माझ्या बायकोचा नव्हता. तो माझ्या सासूबाईंचा, नाकातून येणारा, पाटाच्या पाण्यावरून थेट शेतापर्यंत जाणारा. "मेल्या नाऱ्या, उभा काय राहिला खांबावानी? चतुर्थी आहे, फुलं कोण तोडन, तुहा बाप? आन हात पूस पहिले, तमाखूचे हात लावून राहिला देवाच्या फुलाले."

नाऱ्या. त्या दांडग्या गड्याला त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. त्यानं दोन्ही हात धोतराला खसाखसा पुसले, उलटसुलट करून बहिणीला दाखवले, आणि फुलं तोडायला लागला. द्वारकेनं पुढं होऊन पदराची झोळी धरली.

मला राहवलं नाही. एका वाकलेल्या फांदीकडं मीही हात नेला.

दोघंही एकदमच म्हणाली, "तुमी राहू द्या."